बोटीची बैठक

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लहानमोठी अकरा हजारांहून अधिक सरोवरे आहेत. त्यामुळे घरापुढे मोटारीच्या शेजारी ट्रेलरवर ठेवलेली बोट दिसणे तिथे नवलाचे नाही. इचलकरंजीचे एक वयोवृद्ध कापड व्यापारी उन्हाळ्यात धाकट्या चिरंजीवांकडे गेले, तेव्हा त्यांच्याही दारात अशी एक बोट उभी होती. सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, जुनी विकत घेतलेली. मासेमारीसाठी नव्हे, तर मुलाबाळांसह पाण्यावर फेरफटका मारण्यासाठी.

धाकट्याने खाली वाकून बोटीचा तळ दाखवला. ट्रेलरचे रबरी रोलर जिथे जिथे टेकत होते, तिथे तिथे पत्र्याला खळगे पडले होते. पिछाडीला, जिथे इंजिनाचा भार येतो, तिथे ते अधिक खोल होते.

“रोलरमुळे बोट पाण्यात चटकन उतरते, अण्णा. परत चढवायलाही कष्ट पडत नाहीत,” धाकटा म्हणाला.

“ते खरं. पण ही बोट सरकते किती वेळ आणि बसून असते किती वेळ?”

प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि नेमका होता. हिवाळ्यात तिथली सरोवरे गोठतात, बोट कित्येक महिने ट्रेलरवरच राहते. उन्हाळ्यातही पाण्यात उतरण्याचा क्षण थोडा, विसावण्याचा काळ मोठा. अण्णांना आपले गोदाम आठवले. कापडाच्या गाठी तिथे लांब फळ्यांवर रचत. त्यामुळे खालच्या गाठीला ओल लागत नसे आणि एकाच जागी दाबही बसत नसे. रोलर काढून लाकडी आधारपट्ट्या बसवण्याचे ठरले. तिकडे त्यांना ‘बंक’ म्हणतात.

बोट एका स्नेह्याच्या धक्क्याला बांधून ठेवली आणि रिकामा ट्रेलर घरी आणला. दहा फूट लांब आणि साडेपाच इंच रुंद अशा दोन फळ्या निवडल्या. तांबेयुक्त रसायन मुरवलेले लाकूड ओले राहिले, की ॲल्युमिनियमला खाऊ लागते. म्हणून साधे लाकूड घेऊन त्याला पाणीरोधक लेप दिला. वरून कार्पेट ताणून बसवले. स्टेपल गंज न चढणाऱ्या पोलादाच्या घेतल्या आणि तळाला ओरखडा उठू नये म्हणून फळीच्या खालच्या बाजूने ठोकल्या. बोल्टची डोकी लाकडात बुडवली. फळ्या पिछाडीच्या कडेपर्यंत नेल्या, कारण इंजिनाखालचा तळ अधांतरी राहिला तर तो हळूहळू वाकतो. अण्णांनी कागदावर हिशेब मांडला. इंजिनासह सुमारे ५०० किलोंचे ओझे पूर्वी मूठभर ठिकाणी टेकत होते, आता त्याला सुमारे ९ चौरस फुटांची बैठक मिळाली होती.

पहिल्या दिवशी मात्र धाकटा वैतागला. बोट आता आपणहून घरंगळत नव्हती. तिला चढवण्यासाठी ट्रेलर पाण्यात अधिक खोल न्यावा लागला, विंच अधिक जोराने फिरवावी लागली. खोल पाण्यात चाके बुडणार, म्हणून प्रवासाने तापलेल्या बेअरिंग आधी थंड होऊ द्याव्या लागल्या. सोय गेली होती, हे अण्णांनी मान्य केले.

त्या रात्री नऊ वाजता त्यांनी इचलकरंजीला फोन लावला. तिथे सकाळचे साडेसात वाजले होते आणि थोरले चिरंजीव दुकानात हिशेबाला बसले होते. खरेदी, उधारीची वसुली, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेची कामे, सारे त्यांच्याकडेच होते. “सगळं ठीक आहे, अण्णा,” ते म्हणाले. शब्द नेहमीचेच होते, पण आवाज थकलेला होता.

फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ ओसरीत बसून राहिले. थोरल्याने कधी ‘नाही’ म्हटले नाही, म्हणून प्रत्येक काम त्याच्याकडेच सरकवले गेले. सोय घराची झाली. खळगे कुठे पडले, हे खाली वाकून कोणी पाहिलेच नाही. सर्वांत आधी त्यांनी स्वतः पाहायला हवे होते.

सकाळी त्यांनी धाकट्याला विचारले, “दादासाठी तुला इथून काय करता येईल?”

धाकटा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हिशेब माझ्याकडे द्या. तुम्ही तिकडे झोपता तेव्हा इथे दिवस असतो.” थोरल्या सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर. वसुलीचे काम त्यांनी आपणहून मागितले. बँकेच्या व्यवहारात त्यांची सही जोडावी, असे अण्णांनीच सुचवले. सुरुवातीला अडखळत झाले. एकाने चुटकीसरशी उरकायचे ते आता तिघांना विचारून करावे लागे. दोनदा आकडे जुळले नाहीत आणि शब्दाला शब्दही लागला.

अण्णा परत निघाले, त्याच्या आदल्या दिवशी बाप-लेकांनी बोटीचा तळ पुन्हा तपासला. जुने खळगे तसेच होते, ते आता बुजणार नव्हते. नवा मात्र एकही पडला नव्हता. अण्णांनी पत्र्यावरून एकदा हात फिरवला आणि थोरल्यासाठी घेतलेली भेट बॅगेत ठेवायला ते घरात गेले.