भुरे केस

गेल्या जून महिन्यात शाळा उघडली, तेव्हा वरच्या वर्गांतील चारपाच मुलांची डोकी ओळखू येईनाशी झाली होती. मक्याच्या कणसाला जे तांबूस-पिवळे केस फुटतात, तसा त्यांच्या केसांचा रंग झाला होता. विचारता कळले की, हा उद्योग कोणा न्हाव्याच्या दुकानात झालेला नसून घरीच, न्हाणीघराचे दार लावून झालेला आहे. बाजारातून पुडी व बाटली आणावयाची, मोबाइलवर पाहून कालवावयाची आणि डोक्याला थापावयाची! शिक्षकांच्या बैठकीत या गोष्टीची बरीच चर्चा झाली. मी शास्त्र हा विषय शिकवितो, म्हणून त्या पुडीत असते तरी काय, असे मला विचारण्यात आले. तेथे जे सांगितले तेच, थोडे अधिक विस्ताराने, विद्यार्थिमित्रांसाठी व त्यांच्या पालकांसाठी येथे लिहितो.

बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. तेनार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य 1818 साली शोधून काढले, आणि 1867 साली पॅरिस येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात त्याने केस पिवळे करण्याची रीत लोकांपुढे मांडण्यात आली. केसाच्या बाहेरच्या अंगाला, घरावरील कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण असते. रंग असतो तो आत. पुडीतील क्षारांनी ही कौले उचलली जातात, पेरॉक्साइड आत शिरते व त्यातील प्राणवायू रंगाच्या कणांचे विघटन करतो. आता मौज अशी की, आपल्या केसांतील मेलानिन हे रंगद्रव्य दोन प्रकारचे असते, एक काळसर व दुसरे तांबूस. त्यांपैकी काळसर आधी जाते. तांबूस चिवट, ते मागे राहते. म्हणून काळा केस एकदम सोनेरी कधीच होत नाही. तो आधी विटेसारखा तांबडा, मग नारिंगी आणि पुष्कळ वेळाने पिवळा होतो. चित्रपटातील नटासारखे सोनेरी केस व्हावेत या आशेने बसलेला मुलगा आरशात विटेचा रंग पाहतो, खट्टू होतो आणि दुसऱ्या दिवशी तेच मिश्रण पुन्हा, आणखी अधिक वेळ, लावून बसतो. खरी हानी होते ती येथे.

कारण प्राणवायूचे काम रंगापाशी थांबत नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, व त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांस जखडलेले असतात. तेही बंध तुटू लागतात. मग केस वाळक्या गवतासारखा होतो आणि ओला असता रबरासारखा ताणून तुटतो. त्वचेची जखम भरून येते तसा केस भरून येत नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस सजीव नसतो. तो महिन्याला सुमारे 1 सेंटीमीटर वाढतो. तेव्हा खांद्यापर्यंत केस असलेल्या मुलीने अर्ध्या तासात जे बिघडविले, ते पूर्ववत होण्यास दोन-अडीच वर्षे लागतात. यांतील एका मुलाच्या कानामागे भाजल्याची ओली जखम मी स्वतः पाहिली. हे मिश्रण धातूच्या भांड्यात कालवू नये, आणि काळी मेंदी लावलेल्या केसांना तर लावूच नये. अशा काही मेंद्यांत धातूंचे क्षार असतात व पेरॉक्साइडशी गाठ पडताच ते तापतात. बंद न्हाणीघरात पुडीची धूळ श्वासावाटे जाणे दम्याच्या मुलास विशेष बाधक होय.

या हौसेचे मला नवल वाटत नाही. व्हेनिस शहरातील स्त्रिया सोळाव्या शतकात माथा कापलेली टोपी घालून, तिच्या कडेवर केस पसरून, त्यांना औषधी पाणी लावीत उन्हात बसत. व्हेचेल्लिओ याने 1590 च्या आपल्या पोशाखांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. आणि रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून मिशांना कलप लावणाऱ्या पित्याने मुलावर किती रागवावे, याचाही विचार व्हावयास हवा!

परंतु आपल्या कन्नड तालुक्यात भुरे केस काही या पुडीबरोबर आलेले नाहीत, आणि हे लिहावयास बसण्याचे खरे कारण तेच आहे. बैठकीत असे ठरू लागले होते की, ज्यांचे केस काळे नाहीत त्यांनी ते काळे करून यावे, तोवर वर्गात बसू नये. त्या बोलण्यावरूनच एका सकाळी प्रार्थनेनंतर भुऱ्या केसांची मुले वेगळी उभी करण्यात आली. त्या रांगेत पाचवीतला एक मुलगा होता, तांड्यावरचा. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "सर, म्या काईच लावलं नाई."

ते खरे होते. त्याचे आईबाप दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. गेल्या हंगामात तोही फडावरील कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळीत राहिला व चैत्रात परतला. पेरॉक्साइड जे अर्ध्या तासात करते तेच ऊन काही महिन्यांत करते. आणि दुसरेही एक कारण असू शकते. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाईंनी 1933 साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घानात, मुलांच्या एका रोगाचे वर्णन केले. तो पुढे क्वाशिओरकोर या नावाने प्रसिद्ध झाला. आहारात प्रथिने कमी पडली की केस विरळ, फिके, तांबूस येतात व सहज उपटून निघतात. लांब केसांवर कधी काळे व भुरे पट्टे दिसतात: पोटाला मिळाले त्या महिन्यांचा पट्टा काळा, न मिळाले त्या महिन्यांचा भुरा.

पुडीने उतरविलेला रंग सहज ओळखता येतो. मुळाशी काळा केस व पुढे एकदम पिवळा, अशी रेघ तेथे स्पष्ट दिसते. उन्हाने वरचे केस व टोके फिकट होतात, मानेजवळ आतले केस काळेच राहतात. मात्र उपासमारीचा निर्णय शिक्षकाने केसांवरून करू नये; काही मुलांचे केस जन्मतःच भुरे असतात. म्हणून त्या मुलास आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी वजन व उंची घेतली, डोळे पाहिले, आणि वजन वयाच्या मानाने बरेच कमी असल्याचे सांगून डाळ, शेंगदाणे व अंडी देण्यास सांगितले.

मी बैठकीत एवढीच सूचना केली की, नियमात "केस काळे असावेत" असे न लिहिता "केसांस रासायनिक द्रव्य लावू नये" असे लिहावे. काळे करून येण्याची सक्ती तर मुळीच नको, कारण पोळलेल्या डोक्यावर पुन्हा कलप चढविणे हा दुसरा अपाय आहे. वरच्या वर्गांतील मुलांनी केस बारीक कापून घेतले, आणि त्यांचा प्रश्न तेवढ्यावर मिटला. नियमाचा मसुदा अद्याप मुख्याध्यापकांच्या मेजावर आहे.

तांड्यावरच्या त्या मुलाचे आईबाप यंदाही फडावर गेले. त्याला मात्र त्यांनी आजीजवळ ठेवले आहे. दिवाळीपूर्वी न्हाव्याने त्याचे केस कापले तेव्हा कातरीखाली सारे तांबूस पडले, आणि डोक्यावर राहिले ते दोन बोटे काळे.