हरसूलच्या आभाळातली बिनइंजिनाची विमाने

नाशिकहून गिरणाऱ्यावरून हरसूलकडे निघालेल्या एस. टी. त मी आणि माझा एक जुना कॉलेजमित्र शेजारी शेजारी बसलो होतो. फाल्गुनाचे दिवस. गिरणाऱ्याच्या नाक्यावर मजुरांची गर्दी उसळलेली. हरसूल, पेठ, त्र्यंबक भागातली ही माणसे भाताची कापणी आटोपली की द्राक्षबागांच्या कामाला इकडे उतरतात. सगळे खाली येत होते, आणि आम्ही दोघे वर चाललो होतो. तेही काय बघायला, तर गिधाडे!

"साहेब, हरसूलला कुठली योजना आणली?" कंडक्टरने विचारले. कृषी खात्यातला माणूस दिसला की हा प्रश्न ठरलेला. मी म्हणालो, "योजना नाही हो. आभाळ बघायला चाललो आहे." तो हसला आणि तिकिटे फाडत पुढे गेला.

या प्रवासाचे मूळ फार जुने आहे. 1990 च्या सुमारास आम्ही पुण्याच्या शेतकी कॉलेजात बी. एस्सी. करीत होतो. माझ्या या मित्राला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राचे वेड लागले होते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. लांबलचक पंख, अरुंद शरीर आणि पोटाखाली एखादेच चाक. आपल्या देशातही अशी ग्लायडरे बनली. त्यांतली दोन तर अश्विनी आणि रोहिणी या नक्षत्रांच्या नावांची! रोहिणी पहिल्यांदा 1961 मध्ये उडाले. त्यात शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसत.

एका रविवारी मित्राने मलाही तिथे नेले आणि पाहुणा म्हणून आत बसवले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मोठे रहाट असलेले यंत्र. त्याची लोखंडी तार आमच्या ग्लायडरला अडकवली. यंत्राने तार गुंडाळायला सुरुवात करताच पोरे पतंग वर चढवतात तसे आम्ही सरळ आभाळात चढलो. हजार फुटांच्या आसपास 'खट्' असा आवाज झाला, तार सुटली, आणि मग एकदम शांतता. फक्त वाऱ्याची सळसळ. खाली उसाचे फड चटईसारखे दिसत होते. भीतीने माझ्या तोंडाला कोरड पडली होती. शिकवणाऱ्या गुरुजींनी बोट दाखवले, "त्या घारी फिरताहेत ना, तिकडे जाऊ." घारींच्या खाली जाऊन त्यांनी ग्लायडर गोल फिरवले आणि काय नवल, इंजिन नसलेले ते विमान फेऱ्या घेत वर चढू लागले!

शेतकरी बंधूंनो, यात जादू काही नाही. खळ्यावर उफणणी करताना भर दुपारी अचानक वावटळ उठते आणि भुस्सा गरगरत वर जातो, हे तुम्ही शंभर वेळा पाहिले आहे. नांगरलेले काळे रान, मुरमाड माळ, उघडा खडक हे उन्हाने लवकर तापतात. उभ्या पिकाचे रान, झाडी आणि पाणी उशिरा तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा गरम होते, हलकी होते आणि वर निघते. वावटळीत आपल्याला धूळ दिसते म्हणून ती कळते. बाकीच्या वेळी हाच वर जाणारा झोत चालू असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. तो उंच जाऊन थंड झाला की त्यातल्या वाफेचा कापसाच्या बोंडासारखा पांढरा ढग होतो.

ग्लायडर स्वतः सतत खालीच येत असते. पण ज्या हवेत ते आहे ती हवाच त्याहून वेगाने वर जात असेल तर ग्लायडर वर जाते. जुन्या माणसांना मोट आठवत असेल. मोटेच्या नाड्यावरून एखादी मुंगी खाली उतरते आहे, पण बैल नाडा वर ओढताहेत. मुंगी खाली चालते तरी विहिरीतून वरच येते. तसेच हे. शिवाय डोंगराच्या भिंतीवर वारा आदळला की त्यालाही वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ग्लायडरवाल्यांना डोंगर फार प्रिय.

मित्राचा मुलगा जर्मनीत असतो. मित्र त्याच्याकडे गेला तेव्हा तिथल्या एका क्लबाच्या डोंगरातल्या सुट्टीला जाऊन आला. पहिल्या महायुद्धानंतर तहाच्या अटींमुळे जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले. तेव्हा तिथल्या तरुणांनी 1920 पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाच्या उड्डाणाच्या स्पर्धा भरवल्या आणि हा छंद जगभर पसरला. आजही क्लबाची मंडळी ग्लायडरांचे पंख सोडवून लांब गाड्यांत घालतात आणि डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून आठवडाभर राहतात. "अगदी ऊसतोडीच्या तळासारखे," मित्र सांगत होता. "सकाळी पंख जोडायचे, सगळ्यांनी मिळून ढकलायचे, एकाने स्वयंपाक बघायचा. मग जमीन तापण्याची वाट बघत बसायचे. म्हातारेकोतारे, बायका, पोरे सगळे आभाळाकडे डोळे लावून."

मी म्हणालो, "यासाठी एवढा खर्च? चल, तुला फुकटात दाखवतो." म्हणून हा हरसूलचा बेत.

वाघेरा घाट ओलांडला की मुलूख बदलतो. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदामाई पूर्वेला वळते, तर हरसूलकडचे ओढे पश्चिमेला उतरून दमणगंगेला मिळतात. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन उतार उतरताना दिसतात. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, कडेला खुरासणी. आम्ही गेलो तेव्हा शेते रिकामी होती. राब भाजण्यासाठी काही ठिकाणी शेण आणि पालापाचोळा पसरला होता. पळस फुललेला आणि मोहाची पाने झडलेली.

हरसूलच्या बाजारपेठेत चहा घेऊन आम्ही एका पाड्यावर गेलो. तिथले एक म्हातारबाबा माझ्या जुन्या ओळखीचे, भात प्रात्यक्षिकाच्या वेळचे. त्यांच्या कारभारणीने नागलीची भाकरी आणि उडदाचे बेसन वाढले. जेवण लवकर उरकून बाबांनी आम्हाला मागच्या टेकाडावर नेले. "घाई नको साहेब. गिधाड काही कोंबड्यासारखे पहाटे उठत नाही. ऊन चढले की निघते."

तसेच झाले. साडेदहापर्यंत आभाळ मोकळे होते. मग समोरच्या मुरमाड उतारावर दोन घारी गोल फिरू लागल्या. मित्र उठून उभा राहिला. "तापली बघ जमीन!" थोड्या वेळाने दूरच्या कड्याकडून एक मोठा पक्षी आला. पंख ताठ पसरलेले, टोकाची पिसे हाताच्या बोटांसारखी फाकलेली. घारींच्या खाली येऊन त्याने गिरकी घेतली आणि तो वर चढू लागला. मागून दुसरा, तिसरा. एकदाही पंख न हलवता ते इतके उंच गेले की ठिपके झाले, आणि तिथून पश्चिमेकडे सरळ रेषेत घसरत गेले. माझा मित्र लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. पंचावन्न उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होते.

चांगले ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून चाळीस किलोमीटर किंवा त्याहूनही लांब जाऊ शकते. ही विद्या माणसाने पक्ष्यांकडूनच घेतली. ऑटो लिलिएंथाल या जर्मन माणसाने करकोच्यांचे उडणे वर्षानुवर्षे पाहून स्वतःचे पंख बनवले, शेकडो उड्डाणे केली आणि 1896 मध्ये पडून प्राण गमावला. गिधाडांची उंची तर विचारू नका. 1973 मध्ये आफ्रिकेतल्या आबिजान शहरावर एका विमानाला सुमारे 37 हजार फुटांवर गिधाड धडकले होते. ते तिथल्या रूपेल जातीचे होते.

त्या दिवशी आम्ही तीन गिधाडे पाहिली. बाबा म्हणाले, "माझ्या तरणेपणी जनावर मेले की माळावर शंभर उतरत. अर्ध्या दिवसात हाडे धुतल्यासारखी स्वच्छ. आता कुत्री लोळतात." मग ते थांबून म्हणाले, "कुणाची नजर लागली देव जाणे."

बाबांना मी जे सांगितले ते तुम्हालाही सांगतो. नजर नव्हती, औषध होते. भारतात 1990 नंतरच्या दीड दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एखादेच उरावे इतकी घटली. बराच काळ कारण कळेना. अखेर 2004 साली संशोधकांनी दाखवून दिले की, जनावरांच्या सूज-वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे ते कारण. औषध टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ती मरतात. मादी वर्षाला एकच अंडे घालते. मग तूट भरून निघणार कशी?

हे सांगताना माझी मान खाली गेली होती. कारण 1997 च्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या बैलाला हेच इंजेक्शन मी स्वतः आणून टोचून घेतले होते. बैल लंगडत होता, पेरणी तोंडावर आली होती. पहिला डोस लागू पडला, बैल उभा राहिला. वडिलांनी माझ्या शिक्षणाचे कौतुक केले. पुढे आठवडाभरात दुसऱ्याच दुखण्याने बैल गेला आणि आम्ही तो नेहमीच्या जागी माळावर नेऊन टाकला. गिधाडे आली होती. मी स्वतः पाहिली. त्या वेळी हे कुणालाच ठाऊक नव्हते, हे खरे. पण ठाऊक झाल्यावर तो माळ आठवला की अजून चैन पडत नाही.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बैलही जगला पाहिजे ना साहेब." अगदी बरोबर. दुखणाऱ्या बैलाला तसेच ठेवा असे कोण म्हणेल? पण वाट आहे. मेलोक्सिकॅम हे औषध जनावराचे दुखणे कमी करते आणि गिधाडाला बाधत नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्येच बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून 2015 मध्ये माणसांचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकेरी बाटलीतच विकायचे ठरले. जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक 2023 मध्ये बंद झाले आणि 2024 च्या अखेरीस निमेसुलाइडही. तेव्हा माणसांच्या दुकानातली सुई गोठ्यात नेऊ नका. पशुवैद्यकाला विचारा, "डॉक्टर, मेलोक्सिकॅम चालेल का?" आणि यांपैकी काही टोचलेले जनावर दुर्दैवाने दगावलेच, तर ते उघड्यावर न टाकता खोल खड्डा करून पुरा.

हरसूल भागातच खोरीपाडा येथे वनखात्याने गावकऱ्यांना बरोबर घेऊन गिधाडांना मेलेली जनावरे घालण्याची खास जागा केली. गावकऱ्यांनी मेलेल्या जनावराची खबर द्यायची आणि औषधाची शहानिशा करून मगच ते तिथे टाकायचे, अशी ती रीत. आपल्याच जिल्ह्यात टाकेदला, सीतामाईसाठी लढून पडलेल्या जटायूला प्रभू रामचंद्रांनी पाणी पाजले असे आपण मानतो. त्या जटायूचे कुळ राखण्याचे काम याच जिल्ह्यातल्या गरीब पाड्यांनी अंगावर घेतले, याचे मला मोठे समाधान वाटते.

संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही निघालो. बाबा नाक्यापर्यंत पोहोचवायला आले. गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीशी येऊन विचारले, "साहेब, त्या औषधाचे नाव काय म्हणालात? कागदावर लिहून द्या. नातवाला पाठ करायला सांगतो." मी तिकिटाच्या पाठीवर ठळक अक्षरात नाव लिहून दिले. बाबांनी ते तिकीट टोपीच्या घडीत खोचले.

घाट चढताना मित्र म्हणाला, "पुढच्या वर्षी जर्मनीला नको. फाल्गुनात इथेच येऊ."