अण्णांची शिफ्ट

"पाणी भरून ठेवलंस का गं?" आईनं फोनवर विचारलं आणि मला हसू आलं. परळीत तेव्हा सोमवारची सकाळ होती, माघी गणेशजयंतीची. आई तिळाचे लाडू वळत होती. आमच्याकडे ऑस्टिनमध्ये रविवारची रात्र, 14 फेब्रुवारी 2021. बाहेर बर्फ पडत होता आणि सात वर्षांचा लेक खिडकीला नाक लावून बसला होता. टेक्सासात जन्मलेलं पोर, एवढा बर्फ त्यानं कधी बघितलाच नव्हता. "आई, इथं पाणी जात नसतं," मी म्हटलं. इथल्या बारा वर्षांचा माज होता तो.

रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली.

मला जाग आली ती शांततेनं. हीटरची घुमघुम थांबली होती, फ्रिज गप्प होता. आता, परळीच्या माणसाला लाइट जाण्याचं काय कौतुक? अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या औष्णिक वीजकेंद्रात, थर्मलला नोकरीला होते. त्याच थर्मलच्या चिमण्या दिसणाऱ्या गच्चीवर आम्ही उन्हाळाभर भारनियमनात झोपायचो. दहावीचा निम्मा अभ्यास मी कंदिलावर केला. त्यामुळे कूस बदलून झोपले. येईल तासाभरात.

सकाळीही आली नाही. बाहेर उणे चौदा अंश, अंगणात वीतभर बर्फ. आमचा हीटर गॅसवर चालतो, म्हणून मी तरी निवांत होते. नवऱ्यानं समजावलं की गॅस असून उपयोग नाही, गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेवर चालतो आणि त्याच्याशिवाय भट्टी पेटतच नाही. स्वयंपाकाची शेगडीसुद्धा ठिणगीसाठी विजेवर अवलंबून. ती मात्र देव्हाऱ्यातल्या काडेपेटीनं पेटली. त्या दिवशी देवापुढच्या वस्तूंपैकी सगळ्यांत उपयोगी पडली ती काडेपेटी.

फोन चार्ज करायला गाडी सुरू करायची, तर गॅरेजचं दारही मोटारीवर. वरची लाल दोरी ओढून ते हातानं उचललं आणि गाडी पार रस्त्यावर काढली. "गॅरेजात इंजिन चालू ठेवायचं नाही, आणि घरात कोळशाची शेगडी तर अजिबात नाही," असं अण्णांनी तीनदा बजावलं. आई मागून म्हणतच होती की पोराला शेगडीजवळ बसव. अण्णा बरोबर होते. त्या आठवड्यात टेक्सासात बंद घरात कोळसा पेटवून, गॅरेजात गाडी चालू ठेवून माणसं गेली. राज्याच्या आरोग्य खात्यानं पुढं वादळाचे एकूण 246 बळी मोजले. त्यांतले बरेचसे नुसत्या थंडीनं, आपापल्या घरात गेलेले.

अण्णांना निवृत्त होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पण आमची रात्र म्हणजे त्यांचा दिवस, त्यामुळे ते शिफ्टवर असल्यासारखे फोनशी बसून राहिले. मी गाडीत बसून बातम्या सांगायची, ते प्रश्न विचारायचे.

"आळीपाळीनं बंद करतायत ना? मग तुमची पाळी संपत कशी नाही?"

मी सांगितलं की सुरुवातीला पाऊण-एक तासाचीच भाषा होती. पण तुटवडा एवढा मोठा, की दवाखाने वगैरे असलेल्या वाहिन्या सोडल्यावर फिरवायला काही उरलंच नाही. ज्यांची गेली त्यांची गेली. शहराच्या मध्यावरच्या रिकाम्या ऑफिसांच्या इमारती मात्र रात्रभर लखलखत होत्या, कारण त्या दवाखान्यांच्याच वाहिनीवर होत्या.

"हे भारनियमन नव्हे," अण्णा म्हणाले. "भारनियमनाला वेळापत्रक असतं."

मग मी त्यांना गॅसचं सांगितलं. इथली वीज मुख्यतः नैसर्गिक वायूवर. थंडीनं विहिरींची तोंडं गोठली, वीजकेंद्रांतली उपकरणं गोठली, थोड्या पवनचक्क्याही अडकल्या. त्यात वायू पुढं ढकलणारी काही केंद्रं विजेवर चालणारी, आणि ती अत्यावश्यक यादीत नोंदवलेलीच नव्हती. वीज वाचवायला जी कनेक्शनं तोडली त्यांत तीही तुटली. वायू आणखी कमी, म्हणून वीज आणखी कमी.

पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग अण्णा म्हणाले, "म्हणजे ह्यांनी स्वतःच्याच कोळशाच्या वॅगनी अडवल्या." आणि लगेच, "शेजारच्या राज्यातून का घेत नाहीत?" घेणार कशी? टेक्सासची ग्रिड बव्हंशी स्वतंत्र आहे. केंद्र सरकारचे नियम लागू होऊ नयेत म्हणून मुद्दाम तशी ठेवलेली, बाहेरच्या जोडण्या अगदी मोजक्या. 2011 च्या फेब्रुवारीतही अशीच थंडी पडून वीज गेली होती, थंडीचा बंदोबस्त करा असा अहवालही आला होता. सक्ती कुणी केली नाही. यावर अण्णांनी जे म्हटलं ते परळीच्या बोलीत ठीक आहे, इथं लिहिता येणार नाही.

"तू टब भरला का?" त्यांनी मध्येच विचारलं. "लाइट गेली की पाणी मागोमाग जातं. पंप काय हवेवर चालतात?"

अण्णांना ते चांगलंच ठाऊक होतं, फक्त उलट्या बाजूनं. 2013 च्या फेब्रुवारीत खडका धरण आटलं आणि पाण्यावाचून परळीचं अख्खं थर्मल बंद ठेवावं लागलं. तिकडं पाणी नाही म्हणून वीज नाही. इकडं वीज नाही म्हणून पाणी जाणार.

सोमवारी रात्री मी टब काठोकाठ भरला. सकाळी बघते तर तळाला चार बोटं पाणी. बूच रात्रभर गळत होतं. एवढ्या वर्षांत त्या टबात पाणी साठवायची वेळच आली नव्हती, मग गळतं हे कळणार कसं? नळ अजून करंगळीएवढा येत होता, तर भांडी शोधायला लागले. कुकर, इडलीपात्र, मोदकपात्र, पूजेचा कलश, आणि इथल्या प्रत्येक देशी न्हाणीघरात असते ती एकुलती एक बादली. संपलं. आईच्या घरी मोरीत हंडा, दोन घागरी, बाहेर सिमेंटचा हौद, गच्चीवर टाकी आणि जिन्याखाली निळं टिपाड. माझ्या घरात चार खोल्या, दोन संडास आणि पाणी ठेवायला इडलीपात्र!

बुधवारी नळ खाकरला आणि बंद झाला. शहराच्या सगळ्यांत मोठ्या जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली होती, आणि ठिकठिकाणी फुटलेल्या नळांतून होतं ते पाणीही वाहून जात होतं. त्या रात्री उकळूनच प्या असा शहरभर हुकूम निघाला. आमच्याकडे उकळायलाही नव्हतं.

बर्फ होता की! लेकानं फावड्यानं पातेली भरून आणायची, मी शेगडीवर ठेवायची. दहा लिटरचं पातेलं गच्च भरून ठेवलं तरी बर्फ बसत बसत तळाला जायचा आणि हाती लिटरभर पाणी यायचं. वर ओकच्या पानांचा चुरा, एखादा मेलेला किडा, काळपट मातीचा थर. दिसायला शुभ्र बर्फ, पण त्याचं पाणी आमच्या हौदाच्या तळासारखं. ते संडासासाठी. एकदा फ्लश करायला पाच-सहा लिटर लागतं, म्हणजे सहा पातेली, म्हणजे जवळजवळ तासभर गॅस. लेकानं हिशेब करून नियम काढला की एक नंबरला पाणी टाकायचं नाही. परळीतला नियमही हाच होता, मी त्याला कधी सांगितला नव्हता.

शेजारच्या आजीबाईंकडे सगळंच विजेवर. त्या एकट्या. कोविडमुळे वर्षभर आम्ही लांबूनच हात हलवत होतो. मंगळवारी नवरा त्यांना हाताला धरून घेऊन आला. मास्क लावून, दोन कोट घालून त्या आमच्या सोफ्यावर झोपल्या. घरात नऊ अंश होते. खोबरेल तेलाची बाटली दगडासारखी झालेली, तूप तर सुरीनं कापावं लागलं. मी गूळ घालून काळा चहा केला. त्यांनी तो घोटभर प्यायला, मग विचारलं की यात नेमकं काय आहे, आणि उत्तर मिळायच्या आत आणखी मागितला.

गुरुवारी पहाटे लाइट आली. घरातलं एकूण एक यंत्र एकदम पिंपिं करायला लागलं. पाणी यायला शनिवार उजाडला. आधी हवा, मग चहाच्या रंगाचं काहीतरी, मग पाणी. उकळण्याचा हुकूम 23 तारखेला उठला.

नंतर कधीतरी आकडे बाहेर आले. लाइट गेली त्या रात्री साठ हर्ट्झची ग्रिड 59.4 च्या खाली 4 मिनिटं 23 सेकंद राहिली होती. नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेली केंद्रंही आपोआप सुटली असती आणि सगळं राज्य अंधारात गेलं असतं. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. "एकदा सगळी बसली ना, की शून्यातून उभी करायला आठवडे लागतात," एवढंच म्हणाले. "त्या कंट्रोल रूममधल्या पोरांचं काय झालं असेल."

नवऱ्यानं दोन झाकणाची पिंपं आणलीत, ती गॅरेजात भरून ठेवलेली असतात. अण्णांना टेक्सासच्या ग्रिडची माहिती दर मिनिटाला दाखवणारं पान सापडलंय. रोज सकाळच्या चहाला ते परळीत बसून आमची फ्रिक्वेन्सी बघतात. परवा रात्री मी भांडी घासत होते तर फोन आला.

"59.97 आहे," अण्णा म्हणाले. "ठीक आहे, झोप तू."