अनवाणी राणी

सर्सी लॅनिस्टरचे वाईटपण झाकून ठेवावे असे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना कधी वाटले नाही. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या त्यांच्या कादंबरीमालेचा पहिला खंड 1996 साली आला. त्याच्या सुरुवातीलाच सात वर्षांचा ब्रॅन स्टार्क एका जुन्या बुरुजावर चढतो आणि खिडकीतून आत डोकावतो. आत सात राज्यांची राणी सर्सी असते आणि तिचा जुळा भाऊ जेमी. पाहू नये ते पोराने पाहिलेले असते, म्हणून जेमी त्याला खाली ढकलून देतो. राणीची तिन्ही मुले राजा रॉबर्टची नाहीत, याच भावाची आहेत. ही गोष्ट उघडी पडायच्या बेतात येते तेव्हा शिकारीला गेलेल्या राजाच्या बुधल्यात नेहमीपेक्षा कितीतरी कडक मद्य भरले जाते. उरलेले काम रानडुकराचा सुळा करतो. पुढे रॉबर्टच्या अनौरस संततीवरही हत्यार चालते, आणि त्यात एक अंगावर पिणारे तान्हे मूल असते. एवढे सगळे जिच्या नावावर जमा आहे, तिच्याविषयी वाचकाच्या मनात कणव का दाटून यावी?

उत्तराचा एक धागा कादंबरीच्या बांधणीत सापडतो. मालेतले प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या डोळ्यांनी दिसते आणि त्या पात्राचे नाव बहुधा प्रकरणाच्या माथ्यावर असते. 1996, 1998 आणि 2000 साली आलेल्या पहिल्या तीन खंडांत सर्सीच्या नावाचे एकही प्रकरण नाही. वाचक तिला परक्या डोळ्यांतूनच पाहतो. ब्रॅनच्या वडिलांना, नेड स्टार्कला, ती शत्रू दिसते, त्याच्या मुलीला, सान्साला, आधी देवी आणि मग राक्षसीण, आणि टिरियन या धाकट्या भावाला जन्माची वैरीण. तीन शत्रूंनी रेखाटलेले चित्र साहजिकच भव्य झाले आहे. थंड डोक्याची, धूर्त, दहा चाली पुढचे पाहणारी बाई असे ते चित्र आहे.

2005 साली 'अ फीस्ट फॉर क्रोज' हा चौथा खंड आला आणि त्यातली दहा प्रकरणे सर्सीची निघाली. एखादा कमी धीराचा लेखक इथे तिची बाजू मांडायला बसला असता, दुःखांची यादी वाचून वाचकाकडे निकाल मागून मोकळा झाला असता. मार्टिन यांनी उलटे केले. राणीच्या डोक्यात शिरल्यावर ती आधी वाटली होती त्याहून वाईट निघते, आणि त्याहून धक्कादायक म्हणजे धूर्तही निघत नाही. दहा चाली पुढचे राहूच द्या, तिला दुसरी चालही दिसत नाही. शहाण्या माणसांना ती दूर लोटते आणि होयबांना जवळ बसवते. कपडे अंगाला घट्ट होऊ लागतात ते आपल्या रोजच्या पिण्यामुळे हे तिला सुचत नाही. धोबिणींनी ते आटवले असे तिला वाटते. एका गायकाकडून खोटा कबुलीजबाब काढण्यासाठी ती त्याचा छळ करवते, आणि मदत मागायला आलेल्या फॅलिसला तळघरात प्रयोग करणाऱ्या क्यबर्नच्या हवाली करते. राज्यावर धर्मपीठाचे 9 लाखांहून अधिक सोन्याच्या नाण्यांचे कर्ज आहे. ते फिटावे म्हणून ती धर्मसैनिकांना पुन्हा शस्त्र धरायची मुभा देते आणि आपण केवढा फायद्याचा सौदा केला या आनंदात राहते. त्याच सैनिकांच्या कोठडीत ती लवकरच जाऊन पडणार असते.

आणि नेमकी इथेच, तिचे बुद्धिचातुर्य गळून पडते तिथेच, दया सुरू होते. दुरून दिसणारी राक्षसीण भीती घालते. जवळ गेल्यावर घाबरलेला माणूस दिसतो. सर्सीच्या प्रत्येक निर्णयाच्या तळाशी दहाव्या वर्षी खाल्लेली एक भीती आहे. लॅनिसपोर्टला वडिलांनी, टायविनने, मोठे सामने भरवले होते. राजपुत्र रेगारशी आपले लग्न ठरणार असे तिला त्या दिवसांत सांगितले गेले होते. रेगारच्या पाठीशी ड्रॅगनवर बसून आपण उडतो आहोत असे चित्र तिने काढून ठेवले होते. जेमीच्या हाती ते लागले तेव्हा तिने हे जुन्या काळचे राजाराणी आहेत अशी थाप मारली. राजा एरिसने मात्र सेवकाच्या मुलीशी आपल्या वारसाचे लग्न होत नसते असे सुनावून सोयरीक धुडकावली. त्याच सामन्यांच्या वेळी एका तंबूतल्या चेटकिणीने तिचे भविष्य सांगितले: राजपुत्र नव्हे, राजा मिळेल, राणी होशील, पण अधिक तरुण आणि अधिक देखणी दुसरी येऊन सगळे हिरावून घेईपर्यंत, तिन्ही मुलांच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट असेल आणि अंगावर सोनेरी कफन, आणि शेवटी धाकटा भाऊ गळा आवळील. तंबूत बरोबर असलेली मैत्रीण मेलारा थोड्याच काळात विहिरीत पडून मेली. तिला कोणी ढकलले ते मार्टिन स्पष्ट सांगत नाहीत, पण सर्सीला त्या किंकाळ्या आठवतात एवढे पुरे आहे. म्हणजे ज्या वयात वाचक तिला निरागस समजून सोडून देऊ पाहतो, तिथेही लेखक त्याला पळवाट ठेवत नाही.

भविष्य खरे करण्यात सर्वांत मोठा वाटा तिचा स्वतःचा आहे. तरुण आणि देखणी दुसरी म्हणजे सून मार्जरी असे ठरवून ती तिच्यासाठी सापळा रचते आणि त्यात आपणच अडकते. धाकटा भाऊ म्हणजे टिरियन असे ठरवून ती जन्मभर त्याचा दुस्वास करते. जेमी तिच्या मागोमाग, तिचा पाय धरून जन्माला आला होता आणि त्या हिशेबाने तोही धाकटाच ठरतो, हे तिच्या कधी ध्यानात येत नाही.

लहानपणी ती आणि जेमी इतके सारखे दिसत की कपडे बदलले तर खुद्द वडिलांनाही ओळखू येत नसे. मग एक दिवस जेमीच्या हाती तलवार आली. तिच्या वाट्याला हसणे, नाचणे आणि कोणाच्या तरी घरी पाठवले जाणे आले. टायविनचा खरा वारस आपणच असे ती आयुष्यभर मानते. वडिलांची निर्दयता तिने जशीच्या तशी उचलली, त्यांचा हिशेबीपणा मात्र तिला कोणी शिकवला नाही. मुलीला तो शिकवायची गरज कोणाला वाटली असती? लग्नाच्या रात्री दारूने झिंगलेला रॉबर्ट तिच्या कानात आपल्या मेलेल्या वाग्दत्त वधूचे, लियानाचे, नाव पुटपुटला. पुढची वर्षे त्या एका नावाच्या सावलीत गेली. तो तिच्यावर हात टाकी, तेही तिने सोसले. यातले काहीही फॅलिसच्या किंकाळ्यांची भरपाई करत नाही. उलट पुरुषांनी आपल्याला जसे वापरले तसेच ती दुसऱ्या बायकांना वापरते. राजघराण्यातल्या स्त्रीचा अपराध एका अक्षरात आटोपणे सोपे असते. मराठी आख्यायिकेने आनंदीबाईंच्या बाबतीत 'ध'चा 'मा' करून तेच केले. सर्सीचा अपराध असा आटोपत नाही, कारण वाचकाला तिच्या आत शेकडो पाने राहावे लागते.

ॲरिस्टॉटलच्या मते पूर्ण दुष्ट माणसाच्या पतनाने करुणा जागत नाही. ती जागते अकारण दुःख भोगणाऱ्यासाठी. या नियमाने सर्सी नापास ठरायला हवी, कारण तिच्यावर आलेले बहुतेक तिनेच ओढवून घेतलेले आहे. संस्कृत नाट्यशास्त्रही फार उदार नाही. धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायक लोभी, उद्धत, पापी आणि व्यसनी सांगितला आहे. पण शास्त्र एक सांगते आणि रंगभूमी दुसरेच करते. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाजवळ त्याचा लहान मुलगा येतो आणि त्याला त्या मांडीवर बसता येत नाही. तिथे दुर्योधनाचे पाप कोणी विसरत नाही, तरी डोळे भरतात.

सर्सीच्या गोष्टीत ही जागा 2011 सालच्या 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' या पाचव्या खंडात येते. धर्मपीठाच्या कोठडीतून सुटण्यासाठी ती काही पापे कबूल करते. जेमीचे नाते आणि रॉबर्टचे मरण यांबद्दल मात्र ती कबुली देत नाही. प्रायश्चित्त म्हणून तिचे सगळे केस भादरले जातात आणि तिला उघड्या अंगाने, अनवाणी, भर शहरातून एका टेकडीवरच्या मंदिरापासून दुसऱ्या टेकडीवरच्या राजवाड्यापर्यंत चालत जावे लागते. सुरुवातीला ती ताठ मानेने निघते. आपण सुंदर आहोत, आपण सिंहाच्या कुळातल्या आहोत, असे मनाशी घोकत असते. मग गर्दीतून शिव्या येतात, घाण फेकली जाते, आणि तीन बाळंतपणे झालेले आपले शरीर ती पहिल्यांदाच गर्दीच्या डोळ्यांनी पाहते. तीन खंड परक्या डोळ्यांतून दिसलेली राणी इथे स्वतःलाच परक्या डोळ्यांनी पाहते, आणि तेही तिला पेलत नाही. गर्दीत तिला नेड स्टार्क दिसू लागतो, वडील दिसतात, विहिरीत मेलेली मेलारा दिसते. शेवटच्या चढावर ती रडत पळू लागते.

या प्रसंगामागे इतिहास आहे. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड मेल्यावर त्याची रखेली जेन शोअर हिला 1483 साली, तिसऱ्या रिचर्डच्या अमलात, नुसत्या आतल्या झग्यावर हातात मेणबत्ती घेऊन लंडनच्या रस्त्यातून चालवण्यात आले होते. मार्टिन यांनी हा धागा तिथून घेतला. थॉमस मोरने त्या दिवसाविषयी लिहून ठेवले आहे की तिच्या वागण्याचा तिटकारा असलेल्या आणि पापाला शासन झाले म्हणून संतोष मानणाऱ्या सज्जनांनाही तिच्या शिक्षेचा आनंद होण्यापेक्षा तिची दयाच अधिक आली. सर्सीचा वाचक याच सज्जनांच्या रांगेत उभा असतो. शिक्षा पापासाठी दिली जाते खरी, पण रस्त्यावर चालवली जाते ती बाई. तिच्या खुनांबद्दल त्या मिरवणुकीत कोणी एक शब्द काढत नाही.

'गेम ऑफ थ्रोन्स' ही दूरचित्रवाणी मालिका 2011 ते 2019 या काळात आठ पर्वांत आणि 73 भागांत झाली. तिने सर्सीला जवळ आणायची दुसरी वाट धरली. पहिल्याच पर्वात तिला रॉबर्टपासून झालेला, काळ्या केसांचा, लहानपणीच वारलेला मुलगा दिला गेला. कादंबरीत असे मूल नाही. तिथे रॉबर्टचा गर्भ तिने पाडून घेतला होता. पडद्यावरची ही आई सहानुभूती लगेच मिळवते, पण ती जरा स्वस्तात मिळते. मालिकेला वाचवले ते लीना हेडी यांच्या चेहऱ्याने. या भूमिकेसाठी त्यांना पाच वेळा एमी नामांकन मिळाले, पुरस्कार एकदाही नाही. 2015 साली दाखवलेली ती प्रायश्चित्ताची वाट डुब्रोव्हनिकच्या दगडी रस्त्यांवर चित्रित झाली. शरीर दुसऱ्या अभिनेत्रीचे होते, चेहरा हेडी यांचा. पुढच्या पर्वाच्या शेवटी सर्सी हिरव्या आगीने मंदिरासकट सगळे शत्रू उडवते. ते पाहून मुलगा टॉमेन खिडकीतून उडी घेतो आणि ती सिंहासनावर जाऊन बसते. तिच्या तोंडावर तेव्हा ना विजय दिसतो, ना शोक. 2019 साली मालिकेने तिला कोसळत्या विटांखाली जेमीच्या मिठीत मारले. एवढ्या पात्राला एवढे मरण अपुरे आहे.

कादंबरीत ती अजून जिवंत आहे. पाचव्या खंडाच्या अखेरीस ती मुंडण केलेले डोके झाकून टॉमेन आणि काका केव्हन यांच्याबरोबर जेवायला बसते, थोडे बोलते, मुलाच्या मांजरांच्या गोष्टी ऐकते आणि काकांशी आदराने वागते. त्याच रात्री दरबाराचा जुना हेरप्रमुख व्हेरिस केव्हनला बाण मारतो आणि मरणाऱ्याला त्याचे कारणही सांगतो: सर्सीने बिघडवलेला कारभार केव्हन सुधारू लागला होता.