छावणीतला चारा

हरिद्वार आणि ऋषिकेशच्या मधल्या पट्ट्यात, राजाजीच्या जंगलाला लागून आमची छावणी होती. माझ्या बंगल्याची मागची भिंत संपली की साल आणि खैराची झाडी सुरू. चार्ज घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या सुभेदार साहेबांनी बजावलं होतं, "साब, अंधेरा होने के बाद पीछे का दरवाजा बंद रखिएगा." ते पौडी गढवालचे. जंगलाशेजारीच वाढलेला माणूस.

त्या वर्षी वडील गेले आणि फेब्रुवारीत मी आईला घेऊन आलो. माण तालुक्यातलं आमचं गाव सोडून ती एवढ्या लांब पहिल्यांदाच आली होती. भाषा परकी, शेजार परका. दिवसभर मी ऑफिसात, बायको मुलांच्या शाळेसाठी पुण्यात. आई मागच्या ओसरीवर बसून असायची. मार्चमध्ये एक दिवस फोनवर तिचा आवाज बदललेला वाटला. म्हणाली, "आरं, हितं एक हरणी येती. कानाला चीर हाय तिच्या."

चितळाची मादी होती ती. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला भिंतीच्या पडक्या भागातून आत यायची. आई चपातीचा चतकोर टाकायची आणि ती दहा पावलांवर उभी राहून खायची. पुढे दहाची पाच पावलं झाली. एप्रिलमध्ये ती आईच्या हातातून घेऊ लागली. तिच्यामागून आणखी चार-पाच चितळं यायला लागली.

मी एकदा हटकलं, तर आई म्हणाली, "छावणीत जनावराला चारा द्यायचा न्हाई, तर कुठं द्यायचा?"

माणदेशातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे छावणी म्हटलं की फौज आठवत नाही, चारा छावणी आठवते. 1972 च्या दुष्काळात आई नवी सून होती. दावणीची जनावरं डोळ्यांदेखत वाळताना तिने पाहिली. 2012-13 च्या दुष्काळात तर आमची दोन्ही जनावरं घेऊन वडील छावणीत मुक्कामाला होते. उपाशी जनावर समोर असताना हात आखडायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. त्यावर काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर मलाही आवडत होतं. आई हसत होती. मी फोटो काढून बायकोला पाठवत होतो.

सुभेदार साहेबांनी एकदा विषय काढला. "साब, जहाँ हिरन आएगा, वहाँ उसके पीछे बाघ भी आएगा." गढवालात बिबट्यालाही बाघच म्हणतात. त्या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारल्याच्या घटना आधी घडलेल्या होत्या. मी "देखते हैं" म्हणालो आणि विसरलो.

मे महिन्यात युनिटचा रेझिंग डे होता. बडाखाना झाला. अंदाज चुकला आणि दोन डेग भात, टोपलीभर पुऱ्या उरल्या. उन्हाळ्यात सकाळपर्यंत टिकणार नाही असं अन्न. लंगर कमांडरने काय करायचं विचारलं. मी म्हणालो, "फेंको मत, मेरे बंगले के पीछे डाल दो. हिरन खा लेंगे." सुभेदार साहेब जवळच उभे होते. "साब, घास खाने वाला जानवर है," एवढंच म्हणाले. मी हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेलो. अनुभवी जेसीओ हळू आवाजात काही सांगतो तेव्हा थांबून ऐकावं, हे आम्हाला लेफ्टनंट असल्यापासून शिकवलेलं. वीस वर्षांच्या नोकरीनंतर मी ते त्या रात्री केलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पीटीहून आलो तर आई मागच्या दारात उभी. भिंतीलगत, बोराच्या झाडाखाली ती मादी मरून पडली होती. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. कानाची चीर मला दिसली त्याआधीच आईने पाहिली होती.

"काय खायला घातलंस तिला?" आईने विचारलं.

मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सुटलेली म्हस धान्याच्या पोत्याला लागली तर काय हुतं, ठावं न्हाई तुला? शेतकऱ्याच्या पोटचा ना तू?"

ठाऊक होतं. लहानपणी आमच्याच वाडीत शेजाऱ्याची गाय ज्वारीच्या राशीत शिरून अशीच मेली होती.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेलं रानटी जनावर सरकारची मालमत्ता असते. ते परस्पर पुरता येत नाही. वन खात्याला कळवलं. त्यांचे पशुवैद्य आले, शवविच्छेदन झालं. पोटात आंबलेला भात होता आणि एक गुंडाळी झालेली प्लास्टिकची पिशवी. पिशवी आमच्याच कुठल्यातरी कचराकुंडीतली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. चितळ गाईसारखंच रवंथ करणारं जनावर. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जीवाणू असतात आणि ते गवत, पाला हळूहळू आंबवतात. जनावर त्यावर जगतं. भात, पुरी, ब्रेड, मका असं पिठूळ अन्न एकदम पोटात गेलं की तिथे फार वेगाने आम्ल तयार होतं. गवत पचवणारे जीवाणू त्यात मरतात, शरीरातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं आणि जनावर एक-दोन दिवसांत जातं. जे वाचतं तेही कायमचं अधू होऊ शकतं.

जाताना त्यांनी मला भिंतीपलीकडे नेलं. ओल्या मातीत बिबट्याचे ठसे होते, ताजे. तिथून दीडशे पावलांवर जवानांच्या फॅमिली क्वार्टर्सची मुलं सकाळी शाळेच्या बसची वाट बघत उभी राहतात. माझ्या डोळ्यांपुढून ते ठसे अजून हलत नाहीत. हरणी गेली, ते एक. पण मी भिंतीशी अन्न टाकून ज्या वाटेने हरणं आणत होतो, त्याच वाटेने बिबट्याला बोलावत होतो. ज्यांची जबाबदारी सरकारने माझ्यावर टाकली होती, त्यांच्या मुलांच्या दारात.

त्या संध्याकाळी रोल कॉलला मी स्वतः गेलो. हरणांना, माकडांना, कुणालाही खायला घालायचं नाही हा हुकूम वाचून दाखवण्याआधी, तो का काढावा लागला तेही सांगितलं. भात टाकायला मी सांगितलं होतं, सुभेदार साहेबांनी अडवलं होतं, मी ऐकलं नाही. हे सोपं नव्हतं. पण दुसऱ्याच्या नावावर तो हुकूम काढला असता तर कोणी पाळलाही नसता.

आईला मात्र हुकूम देता येत नाही. तिला मी एवढंच विचारलं, "तुझा चतकोर तर थोडाच होता. त्याने काय बिघडलं असतं?" तिने बराच विचार केला. म्हणाली, "चतकोरानं ती मेली न्हाई. पण चतकोरासाठी ती आली, म्हणून तुझ्या भातापाशी आली." आणि मग, "छावणीतलं जनावर दाव्याला असतं. त्याला चरायला जाता येत न्हाई, म्हणून आपण घालायचं. हिच्या गळ्यात कुठं दावं हुतं?"

माझ्या काही मित्रांनी हे ऐकून बिश्नोईंचं उदाहरण दिलं. मी जोधपूरकडे दोन वर्षं काढली आहेत. खेजडलीला जाऊन आलो आहे, जिथे 1730 मध्ये खेजडीची झाडं वाचवताना 363 बिश्नोईंनी प्राण दिले. त्यांच्या शेतांत चिंकारा आणि काळवीट निर्धास्त चरतात, हे खरं आहे. पण नीट पाहिलं तर ते मुख्यतः जागा देतात. हिरवं झाड तोडत नाहीत, पिकात शिरलेल्या हरणाला मारत नाहीत, उन्हाळ्यात पाणी ठेवतात. पिढ्यान् पिढ्या आपल्या पिकातला वाटा सोडणं वेगळं आणि उरलेल्या पुऱ्या भिंतीपलीकडे टाकणं वेगळं. आणि तिथेही वस्तीजवळ आलेल्या हरणांच्या मागे मोकाट कुत्री लागतात, हे मी पाहिलंय.

मग आम्ही काय केलं? कचराकुंड्यांना कडीची झाकणं बसवली. लंगरचं उरलेलं अन्न खड्ड्यात कंपोस्टला जाऊ लागलं. भिंतीचा पडका भाग बांधला. आणि वन खात्याशी बोलून, त्यांच्या माणसांना सोबत घेऊन पावसाळ्याच्या तोंडावर चार रविवार छावणीच्या कडेची घाणेरी मुळासकट उपटली. लँटाना म्हणतात ती हीच. राजाजीत ती बेसुमार पसरली आहे आणि तिच्याखाली गवत उगवत नाही. आई खुर्ची टाकून जवानांना मुळं कशी हलवून काढायची ते मराठीत सांगत होती. गढवाली पोरांना सगळं कळत होतं.

जंगलाकाठी राहणाऱ्यांनी मला विचारलं तर मी एवढंच सांगेन. पोळी नको, बिस्किट नको, भाजीची देठंही नकोत. जंगलात चितळांना वाढणारे आहेत. वानरं झाडावर खातात आणि निम्मा पाला, फळं खाली पाडतात, चितळं ती टिपतात. गवतात एकटं पडलेलं पाडस दिसलं तर उचलू नका. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. जखमी जनावर दिसलं तर वन खात्याला फोन करा.

ऑगस्टच्या अखेरीस, उपटलेल्या जागेवर गुडघाभर गवत झालं होतं. एका संध्याकाळी आईने मला हाक मारून ओसरीवर बोलावलं. दोनशे पावलांवर, बांधलेल्या भिंतीपलीकडे अकरा चितळं चरत होती. आईने दोनदा मोजली. मी नीट बघायला म्हणून जाळीच्या दाराची कडी काढली. तेवढ्या आवाजाने सगळ्यांच्या माना वर झाल्या, एक जण ओरडलं आणि क्षणात गवत रिकामं झालं.

"पळाली," मी म्हणालो.

"बरं झालं," आई म्हणाली आणि आत जाऊन तिने देवापाशी दिवा लावला.