सूर्य वर यायच्या आत

डहाणू लोकलने सफाळे सोडलं की रुळांच्या दोन्ही बाजूंना शिंदीची झाडं दिसू लागतात. त्यांच्या खोडाकडे नीट बघावं. एका अंगाला खाच, तिच्या वर दुसऱ्या अंगाला खाच, असं ते वाकडंतिकडं होत वर गेलेलं असतं. एका हिवाळ्यात शेंड्याखालची एक बाजू तासायची, पुढच्या हिवाळ्यात समोरची. खाचा मोजल्या की झाडाने किती हंगाम रस दिला ते कळतं. सातबाराही इतका स्वच्छ वाचता येत नाही.

झाडातली साखर म्हटलं की हल्ली मेपलच आठवतो. क्वेबेक, व्हरमाँटकडचा तो शुगर मेपल. रात्री गोठवणारी थंडी, दिवसा बर्फ वितळवणारं ऊन. या चढउताराने खोडात दाब तयार होतो आणि भोक पाडलं की रस ठिबकू लागतो. झाड त्याजोगं व्हायला चाळीसेक वर्षं जातात. एवढं करून रसात साखर दोन-तीन टक्के! चाळीस लिटर आटवावा तेव्हा लिटरभर पाक. आपली नीरा, म्हणजे शिंदीचा ताजा रस, दहा-बारा टक्क्यांच्या घरात; आठ-दहा लिटरमध्ये किलोभर गूळ निघतो. तरी मुंबईच्या मॉलमध्ये काचेच्या बाटलीत मिरवतो तो मेपलच.

मला यात दोष दिसतो तो हवेचा. तिकडे रसाची बादली थंडीतच उभी असते. इकडे संध्याकाळी झाडावर चढायचं, कोयत्याने पापुद्र्याएवढा काप काढून जखम ताजी करायची, आतून चुना फासलेलं मडकं बांधायचं आणि पहाटे उतरवायचं. चुना नसला तर रस रात्रीतच आंबायला लागतो. उन्हं चढली की त्याची ताडी. ताडाचंही तेच, फक्त तिथे खोडाऐवजी फुलोऱ्याची पोय कापतात.

मग सरकार आलं. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडं करात आणि परवान्यात अडकली, १९४९ साली दारूबंदी कायदा आला. झाड दारातलं, पण कोयता लावायला परवानगी साहेबाची.

जून २०२०मध्ये खादी आयोगाने डहाणूत दोनशे जणांना नीरेचा गूळ करण्याचं सात दिवसांचं शिक्षण देऊन प्रत्येकी पंधरा हजारांचा संच दिला: स्टीलची कढई, साचे, बर्नर, सुऱ्या, दोर. पालघर जिल्ह्यात पन्नास लाखांवर अशी झाडं आहेत, असं आयोगाचं म्हणणं. बेत चांगला होता, आणि नीरेचा गूळ ज्याने खाल्लाय तो त्याला नाही म्हणणार नाही. पण चढणाऱ्याच्या बाजूनेही हिशेब मांडून पाहावा. गुळासाठी पहाटेच चूल पेटायला हवी, जळण हवं, कढईशी तासन्‌तास ढवळत बसणारं माणूस हवं, आणि मग गिऱ्हाईक शोधायचं. ताडी मात्र आपली आपण होते, गिऱ्हाईक झाडाखाली येतं आणि दुपारच्या आत पैसे हातात पडतात.