उलटे आजोबा

दादासाहेब फाळके वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकले, ही गोष्ट आम्हां वडोदेकरांना अभिमानाची वाटते. त्यांच्या चित्रपटाची पट्टी उजेडापुढे धरली की नुसत्या डोळ्यांनाही चित्र दिसे. आजच्या चित्रफितीचे तसे नाही. तिच्यात केवळ आकडे असतात, आणि त्यांचा अर्थ लावणारा दुभाषी संगणकात नसेल तर सारा व्यवहार मुका! या दुभाष्याला ‘कोडेक’ म्हणतात.

तो हवाच कशाला, असे कोणी विचारील. थोडे गणित करून पाहावे. एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे एका सेकंदास तीन कोटींहून अधिक बाइट झाले. ७०० मेगाबाइटच्या तबकडीवर २५ सेकंददेखील मावणार नाहीत! म्हणून एका चित्रापासून दुसऱ्यात जे पालटले, मुख्यतः तेवढेच लिहून ठेवतात.

माझ्याजवळ अशी एक तबकडी आहे. २००५ साली फोंड्याच्या घरी माझे वडील कोंकणीतून एक काणी सांगत असता आतेभावाने ती टिपली होती. वडील आता नाहीत. माझी आठ वर्षांची मुलगी रस्त्यात गुजराती बोलते, शाळेत मराठी आणि घरी कोंकणी. पण आजोबांची कोंकणी तिने कधी ऐकलेली नाही. मोठ्या उत्साहाने मी तबकडी लावली, तो आजोबा उलटे! डोके खाली, पाय वर, आणि आवाजाचा पत्ता नाही. मुलीने आपलीही मान उलटी करून त्यांना पाहिले.

फाइलच्या नावापुढे ‘एव्हीआय’ असे होते. पण ते केवळ पाकीट. आमच्या कोंकणीचे असेच आहे. गोव्याहून आलेल्या पाकिटावरून आतले पत्र देवनागरीत आहे की रोमीत, हे कळत नाही. माझ्या दहावीतील एका विद्यार्थ्याने ‘मीडियाइन्फो’ नावाच्या साधनाने पाकिटाच्या आतले वाचून सांगितले: चित्र ‘एक्सव्हिड’, आवाज ‘एमपीथ्री’. (‘डिव्हएक्स’ची अक्षरे उलट्या क्रमाने लिहून ‘एक्सव्हिड’ हे नाव झाले आहे. आमचे आजोबा उलटे झाले, यात नवल ते काय?)

दोष तबकडीचा नव्हता. संगणक दुरुस्त करताना कोणा कारागिराने त्यात कोडेकांची दोन गाठोडी बसविली होती. विंडोजच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक दुभाषी आपले नाव नोंदवितो व सोबत आपल्या मानाचा आकडा देतो. ज्याचा आकडा मोठा, त्याला प्रथम पाचारण. मग एक अयोग्य दुभाषी पुढे घुसतो आणि योग्य तो शेजारी गप्प बसून राहतो. पुष्कळ लोक अशा वेळी तिसरे गाठोडे आणतात. भाऊबंदकीच्या वाड्यात आणखी एक वारस आणण्याचाच हा प्रकार!

आम्ही प्रथम फाइलची प्रत करून ठेवली, दोन्ही गाठोडी काढून टाकली आणि संगणक पुन्हा सुरू केला. नंतर ‘व्हीएलसी’ बसविले. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेल्या उद्योगाचे हे फळ. ते आपले दुभाषी स्वतःजवळच बाळगते. विंडोजच्या नोंदवहीत डोकावत नाही. २०२२ साली भारतात त्याचे संकेतस्थळ कित्येक महिने बंद होते; नोव्हेंबरात ते पुन्हा खुले झाले.

आजोबा सरळ उभे राहिले. आवाजही आला, मागे पावसाचा आणि कोंबड्याचादेखील. तीन-चार शब्द मुलीला कळले नाहीत. ते मी सांगितले. काणी मात्र ऐन रंगात आली असता तबकडी संपली.

“मागीर कितें जालें?” तिने विचारले.

पुढची काणी मला ठाऊक होती.